काजव्याचा कंदील, नोंद चौथी: ग्लिसरिनने गिळलेल्या नळ्या

मंडळी, तिसऱ्या नोंदीत जिथं सोडलं होतं तिथंच मी वर्षभर अडकून होतो. काजव्याच्या दिव्याचे काप बरे येत होते, मागचा पांढरा थरही दिसत होता, पण मधल्या थरात नुसता पिवळट चिखल. आकृत्यांमध्ये हवेच्या ज्या नळ्या दाखवतात त्यांचा पत्ताच नाही. यंदा त्या सापडल्या. श्रेय अर्धं एका कोळ्याचं, अर्धं माझ्या आळसाचं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. काजवा उताणा केला की पोटाच्या टोकाकडे फिकट पट्ट्या दिसतात. इथं वळवानंतर शेतावर लुकलुकणाऱ्यांत नराला दोन, मादीला एक. हाच कंदील. सगळ्यात बाहेर पारदर्शक कातडी, म्हणजे काच म्हणा. तिच्या आत प्रकाशपेशींचा थर आणि त्यामागे पांढरा परावर्तक थर. पालीच्या लेंडीला पांढरा ठिपका असतो ना, तो युरिक आम्लाचा. काजव्याचा आरसाही त्याच मालाचा. बाकीचे प्राणी जे टाकून देतात त्याचे बारीक कण साठवून हा दिव्यामागे पत्रा लावतो.

२६ मे

गगनबावड्याच्या बाजूला मावशीकडे मुक्काम. (अभयारण्यातून एक किडाही उचलायचा नाही, हे पहिल्या नोंदीत सांगितलंय, पुन्हा सांगतो. दाजीपूर-राधानगरीला जा, बघा, टॉर्च बंद ठेवा, परत या.) दुपारी वळीव झोडपून गेला, आणि अंधार पडल्यावर बांधावरच्या जांभळाला काजवे लागले. लाईट गेलेली, त्यामुळे आणखी झकास.

फोन सेकंदाला २४० फ्रेमवर लावून चित्रण केलं. एक लुकलुक साधारण ३० फ्रेममध्ये आटोपते, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागेल.

पडवीच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यात एक नर गुंडाळलेला दिसला. तो लुकलुकत नव्हता, विझतही नव्हता. मंद, एकसारखा पेटून राहिलेला. मी चिमटा घेऊन पुढं झालो तर मावशी म्हणाली, "अरं, त्याच्या तोंडचा घास कशाला काढतोस? एवढी उडायलीत की!" तिला म्हटलं, उडणारा धरायचा म्हणजे मारावा लागतो, हा तर मेल्यातच जमा आहे. तिला ते पटलं नाही, पण चिमणी धरून उभी राहिली.

जाळ्यातल्या काजव्यांवरून आठवलं. २०२४ मध्ये चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या एका जातीचा कोळी जाळ्यात सापडलेल्या नराला लगेच खात नाही. नर एरवी दोन्ही पट्ट्या वापरून अनेक ठोक्यांचा इशारा देतो, मादी एका पट्टीने एकच ठोका. जाळ्यातला नर मात्र मादीसारखा एकाच पट्टीने एकेक ठोका द्यायला लागतो आणि आणखी नर येऊन अडकतात. मावशीच्या पडवीत असलं काही नाटक चाललं होतं असा दावा नाही. माझ्या नराच्या दोन्ही पट्ट्या उजळलेल्या होत्या.

२७ मे, कोल्हापूर

दरवर्षी मी नमुना आणल्या आणल्या स्पिरिटमध्ये टाकतो. या वेळी बाटली मावशीकडेच विसरलो. काजवा काड्यापेटीत कोरडाच घरी आला. म्हटलं जाऊ दे. ब्लेडने पट्टी सोडवली, कापबिप न काढता सुईने फाडली आणि तुकडा काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला.

भिंगातून बघितलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणायची वेळ आली. पिवळट चिखलात काळ्याभोर फांद्या! जाड खोडं आरशाच्या थरातून खाली उतरलेली, त्यांना फाटे, फाट्यांना आणखी बारीक फाटे. पावसाळ्याआधीचं वठलेलं झाड उलटं टांगावं तसं. वरून उजेड टाकला की त्याच फांद्या चांदीसारख्या चमकायच्या. या श्वासनलिका. काळ्या दिसतात त्या रंगामुळे नव्हे, आत हवा असते म्हणून. हवा आणि ग्लिसरिन यांच्या सीमेवर प्रकाश वाकडा फेकला जातो.

आणि मग गंमत. चहा पिऊन आलो तोवर बारीक फाटे गायब. तासाभरात जाड खोडंही पुसट. ग्लिसरिन नळ्यांत शिरलं, हवा गेली, नळी आणि भोवतालचं सगळं एकाच तऱ्हेने प्रकाश सोडायला लागलं. नळ्या तिथंच होत्या, दिसायच्या बंद झाल्या. म्हणजे गेली दोन वर्षं मी स्पिरिटात काय करत होतो ते कळलं का? बघायची ती गोष्टच आधी बुडवून मारत होतो, आणि मग ब्लेडला दोष देत होतो.

तेव्हा ज्यांना हे करायचंय त्यांनी नमुना कोरडा ठेवा, कॅमेरा आधी लावून ठेवा, आणि पहिली १० मिनिटं फोन उचलू नका.

नळ्यांचं एवढं काय?

बरंच काही आहे. या दिव्याचा खटका तिथंच आहे.

प्रकाशपेशीत ल्युसिफेरिन हे इंधन आणि ल्युसिफरेज हे विकर तयारच असतं. सोबत मॅग्नेशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. एटीपीची गरज अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवली. त्यांना बाल्टिमोरची पोरं काजवे धरून आणून द्यायची, शंभराला २५ सेंट. आता उरला ऑक्सिजन, आणि तोच अडवून धरलेला असतो.

पेशीची रचना बघा. हवेच्या सगळ्यात बारीक नळ्या पेशीला खेटून जातात. पेशीच्या त्या कडेला तंतुकणिकांची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भागांची, दाटी. ल्युसिफरेज मात्र आतल्या अंगाला, पेरॉक्सिझोम नावाच्या पिशव्यांत. कालव्याच्या तोंडाशी दहा मोटारी चालू असल्या की टेलच्या, म्हणजे शेवटच्या, रानात थेंब पोचत नाही, तसंच हे. कडेच्या तंतुकणिका आलेला ऑक्सिजन ओढून घेतात, आत अंधार.

चेतातंतू प्रकाशपेशीवर येऊन संपत नाही, नळीच्या टोकाशी असलेल्या पेशीवर संपतो. तिथं ऑक्टोपामिन हे निरोप्या रसायन सुटतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने मांडलं की त्यापुढचा निरोप नायट्रिक ऑक्साइड वायू नेतो, आणि तो तंतुकणिकांचा श्वास क्षणभर थांबवतो. मोटारी बंद, पाणी थेट टेलला. काजव्याचा दिवा लागतो तो लोडशेडिंग झाल्यावर, असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी काजव्यांना या वायूच्या डबीत ठेवलं तर ते जवळजवळ सलग उजळत राहिले. तैवानच्या गटाने २०१४ मध्ये क्ष-किरणांनी नळ्यांचं जाळं मोजलं, त्यांचा हिशोबही तंतुकणिकांचा वाटा प्रकाशाकडे वळवण्याच्याच बाजूने लागला.

आता तो सेकंदाचा आठवा भाग आठवा. एवढ्यात लाव-विझव करायची तर इंधन आणून भागत नाही, आधीच भरलेल्या चुलीला वारा द्यावा आणि काढावा लागतो. आणि जाळ्यातला नर एकसारखा मंद का पेटला होता? माझा अंदाज असा की तंतुकणिकांचा पहारा ढिला पडला होता, ऑक्सिजन आत झिरपत होता. अंदाजच आहे, वाद घाला.

आरशाची चाचणी, दोन ओळींत

भंगारातल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी) फिल्म सोलली, दोन तुकडे आडवे-उभे ठेवले, मध्ये पट्टी. सगळं काळं, फक्त मागच्या थराचे कण चमचमतात. युरिक आम्लाच्या स्फटिकांनी तसं चमकायलाच हवं. स्पिरिटने या थराचं काही बिघडत नाही, त्यामुळे जुने नमुने फुकट गेले नाहीत.

जाता जाता एक तक्रार. "काजव्याचा दिवा शंभर टक्के कार्यक्षम" हा मेसेज मला या महिन्यात चार वेळा आला. जुना आकडा १९६० चा, ८८ टक्के. २००८ मध्ये तो पुन्हा मोजला तेव्हा ४१ निघाला, म्हणजे अमेरिकी काजव्याच्या ल्युसिफेरिनचे १०० रेणू जळले तर ४१ प्रकाशकण. तेही काही कमी नाही, उगाच फुगवायची काय गरज?

पुढं

आता अळी. तिच्या शेपटाजवळ दोनच ठिपके, उजेड लुकलुकता नाही, सावकाश चढणारा-उतरणारा, आणि तिच्यात चेतातंतू थेट प्रकाशपेशींना भिडतो. म्हणजे नळ्यांचा थाट कमी असायला हवा. ते कोरड्या नमुन्यात बघायचंय. मावशीच्या बांधावर परवा एक दिसली, गोगलगायीच्या शंखात डोकं खुपसून बसलेली. काड्यापेटी खिशात होती, पण तिचं जेवण चाललं होतं आणि मावशी शेजारीच उभी होती.