तीच गाडी, तीच चोरी, हिशोब मात्र वेगळा

गाडीचा विषय निघाला की ग्रुपमध्ये कुणीतरी टाकतंच, "अमेरिकेत असतं तर कंपनीने गाडी परत घेतली असती." एरवी ही फेकाफेकी असते पण फोक्सवॅगनच्या डिझेलबाबत हे अक्षरशः खरंय, आणि त्याच जातीच्या इंजिनाच्या गाड्या आपल्याकडेही विकल्या गेल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, कंपनीला पकडलं. भानगड अशी की गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं आपली टेस्ट चालू आहे, कारण चाकं फिरतायत, स्पीड वाढतोय पण स्टिअरिंग काही हलत नाहीये, म्हणजे गाडी रोलरवर असणार. मग तेवढ्या वेळापुरतं इंजिन अगदी सज्जन. रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांच्या कोर्टात सगळ्या केसेस एकत्र आल्या आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सेटलमेंट मंजूर झालं. आकडा १४.७ अब्ज डॉलर, २ लिटर इंजिनाच्या पावणेपाच लाख गाड्यांसाठी. आणि ते कसं, तर भांडं फुटायच्या आधी गाडीची जी किंमत होती त्या किमतीला कंपनी गाडी परत घेणार, वर ५,१०० ते १०,००० डॉलर नुकसानभरपाई. गाडी ठेवायची असेल तर दुरुस्ती करून मिळेल, भरपाई तरीही मिळेल. वकिलांची १७.५ कोटी डॉलर फी कंपनीने वेगळी दिली, मालकांच्या पैशातून नाही.

यातला माझा आवडता भाग म्हणजे अट एवढीच होती की परत देताना गाडी स्वतःच्या इंजिनावर चालली पाहिजे. झालं, काही महाभागांनी दरवाजे, सीटा काढून ठेवल्या आणि सांगाडा चालवत नेला. शेवटी ब्रेयरसाहेबांना कोर्टात सांगावं लागलं की सेटलमेंटचा हेतू गाड्या सोलून द्यायचा नव्हता. परत घेतलेल्या गाड्या इतक्या झाल्या की ठेवायला जागा पुरेना, डेट्रॉइटजवळचं एक बंद पडलेलं स्टेडियम आणि कॅलिफोर्नियातलं वाळवंट सुद्धा भाड्याने घेतलं.

आता हे जमलं कसं? तिथे क्लास अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने चालणाऱ्या एकाच दाव्यात, तुम्ही आपोआप आत असता, नको असेल तर तसं लिहून बाहेर पडायचं. म्हणजे घरी बसलेला, कोर्टाचं तोंड न पाहिलेला माणूसही क्लेम भरून पैसे घेऊ शकतो. अर्थात सगळीच सेटलमेंट्स अशी घसघशीत नसतात हां, बऱ्याचदा मालकाच्या हातात वाढीव वॉरंटी नाहीतर एखादं कूपन पडतं. या प्रकरणात अमेरिकेचं सरकार स्वतः कंपनीच्या मागे हात धुऊन लागलं होतं, ते नसतं तर हा आकडा आला नसता असं माझं मत.

आणि आपल्याकडे? चाचण्या केल्या आपल्या पुण्यातल्याच एआरएआयने, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेने. रस्त्यावरचं प्रदूषण बीएस-४ या आपल्याकडच्या तेव्हाच्या प्रदूषण नियमाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. कंपनीचं म्हणणं, भारतातला कुठलाही नियम आम्ही मोडलेला नाही, पण डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. बोलावल्या म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट करायला. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, दोन महिन्यांत सुप्रीम कोर्टाने कंपनीवर सक्तीची कारवाई करायला स्थगिती दिली. आणि तो दंडही पर्यावरणाच्या नुकसानीचा, गाडीवाल्याचा त्यात एक रुपया नाही.

कायदा नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) मध्ये ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकाने सगळ्यांच्या वतीने तक्रार करायची सोय आहे, पण ती बहुतेक वापरली जाते बिल्डरविरुद्ध. तिथेही सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे हे दाखवावं लागतं, २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकल्पात सुप्रीम कोर्टाने तेवढ्यावरच क्लास नाकारला, मात्र जेवढे आलेत तेवढ्यांची संयुक्त तक्रार चालेल म्हणाले. म्हणजे एकाच मॉडेलचे दहा-बारा मालक भेटले तर हा रस्ता उघडा आहे, आणि असे मालक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रडत असतात.

एकट्यानेही जिंकता येतं. दिल्लीच्या एका ह्युंदाई क्रेटावाल्याच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, कंपनी म्हणाली धक्का तेवढा जोराचा नव्हता. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टक्कर किती वेगाची, किती बळाची हे गणित करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नाही, आणि भरपाई अधिक नवी गाडी हा आदेश कायम ठेवला.

पण पुरावा लागतो आणि तो तयार होतो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. आमच्या शेजाऱ्यांची ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून निघताना दचके मारायची. दरवेळी अ‍ॅडव्हायझर जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहितात त्या कागदावर, काय लिहायचा, तर "जनरल चेकअप". वर "ही गाडी अशीच असते काका." सगळी कार्डं पुढ्यात ठेवली तर वाटावं यांना गाडी दाखवायची हौसच आहे, तक्रार कुठेच नाही! म्हणून आपल्या शब्दांत लिहायला लावायचं, किलोमीटर, कुठल्या गिअरला, थंड असताना की गरम, आणि मगच सही. फोटो काढून घ्यायचा, व्हिडिओ असेल तर तो त्याच दिवशी मेल करायचा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, डीलर कुठला का असेना. बारा लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, पाच लाखांपर्यंत शून्य. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला हरकत नाही. मुदत मात्र दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडलं तिथून. त्यामुळे "पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल" हे तिसऱ्यांदा ऐकलं की कार्डं काढा आणि पहिल्या कार्डावरची तारीख बघा.