पोहऱ्याचा दोर

सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेतील इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले, तेव्हा 'शाळा पन्नास वर्षांपासून सुरू आहे' या वाक्याचे भाषांतर 'इज रनिंग सिन्स फिफ्टी इयर्स' असे केलेले वाचले आणि खानापूर तालुक्यातील आमचा आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या वर्गात आम्ही सर्वांनी हेच लिहिले असते.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी ही चूक खोडण्याआधी ती कोठून येते हे आम्हांला दाखवले, याचे मोल मला फार वाटते. 'मी दहा वर्षांपासून खानापुरात राहतो' हे मराठी वाक्य साध्या वर्तमानकाळात पूर्णपणे शुद्ध आहे. आमच्या गल्लीतला कन्नड मित्रही 'हत्तु वर्षदिंद इल्ली इद्देने' असेच म्हणे. जर्मन आणि फ्रेंच भाषाही अशा ठिकाणी वर्तमानकाळच वापरतात, हे मला पुष्कळ पुढे कळले. इंग्रजीला मात्र आजची स्थिती सांगून भागत नाही. ती मागे सुरू होऊन आजपर्यंत पोहोचली आहे हे क्रियापदातच दिसावे लागते, म्हणून तिथे 'हॅव लिव्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' येते. शिवाय आपला 'पासून' सोमवारलाही लागतो आणि तीन दिवसांनाही. इंग्रजीत आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' लागतो.

हे समजावताना सर फळ्यावर विहीर काढीत. पोहऱ्याच्या दोराचे एक टोक खाली पाण्यात आणि दुसरे आपल्या हातात असेल, तर 'हॅव'चे हे रूप, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट. केवळ हातातल्या टोकाविषयी बोलायचे असेल, तर साधा वर्तमान. आणि दोर हातातून सुटून सगळाच विहिरीत गेला असेल, तर साधा भूतकाळ. 'काल' हा शब्द आला की इंग्रजीत दोर सुटलाच. मराठीत 'मी कालच आलो आहे' हे वाक्य सहज चालते, आणि म्हणूनच 'आय हॅव कम यस्टरडे' हे आमच्या वह्यांतून वर्षभर हटले नाही. याच्या उलट, 'मी बेळगावला पहिल्यांदाच येतो आहे' असे आपण वर्तमानात म्हणतो, तेथे इंग्रजी 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम' असे म्हणते, कारण पहिली खेप मोजायची तर मागच्या सगळ्या आयुष्याकडे पाहावे लागते. हे उदाहरण मला आजही सर्वांत सुंदर वाटते.

एकदा मी कित्तूरच्या राणी चन्नम्मांविषयी 'हॅज फॉट द ब्रिटिश' असे लिहिले. सरांनी त्याखाली रेघ ओढली आणि सांगितले की, युद्ध 1824 चे आहे हे तर झालेच, पण वर्ष लिहिले नसते तरीही इंग्रजीत हे रूप बसले नसते. जी व्यक्ती हयात नाही, तिने आयुष्यात काय केले हे सांगताना इंग्रजी साधा भूतकाळच घेते.

पत्रिकेतले वाक्य मी 'हॅज बीन रनिंग फॉर फिफ्टी इयर्स' असे दुरुस्त करून दिले. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहायचे झाले, तर मला 'टॉट' असेच लिहावे लागेल. मराठीत मात्र मी अजून लिहू शकतो की, सरांनी मला शिकवले आहे.