मराठी विभाग वेगळ्या डोमेनवर नेताना ‘काजू’चं पान का उघडेना

आमच्या साइटचा इंग्रजी विभाग जुन्याच डोमेनवर ठेवून मराठी आणि हिंदीला स्वतंत्र डोमेन दिले. डीएनएस (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणारी नोंद), सर्टिफिकेट, वर्डप्रेसमधल्या पॉलिलँग या बहुभाषिक प्लगिनचं सेटिंग हे सगळं एका दुपारी उरकलं. अडलं ते ३०१ रीडायरेक्टवर, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवण्यावर. त्याचा राग अजून आहे, कारण हा घोळ फक्त देवनागरी पत्त्यांवर होतो. रोमन पत्ते तपासून ‘झालं’ म्हणणाऱ्याला तो दिसतच नाही.

जुन्या-नव्या पत्त्यांची यादी एक्सेलमधून काढून अपाचे या वेब सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये एकेक रीराइटरूल (पत्ता बदलणारा नियम) म्हणून टाकली होती. ब्राउझरमधून कॉपी केलेल्या नव्या पत्त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराचे (काना-मात्रेचेही वेगळे) तीन बाइट असतात आणि प्रत्येक बाइटमागे टक्का; यालाच एन्कोडिंग म्हणतात. अपाचे बाहेर पाठवताना त्या टक्क्याचा पुन्हा %२५ करतो. एकही पान उघडेना. ते टाळायला एनई (‘पुन्हा एन्कोड करू नको’) हा फ्लॅग लावला, तर ‘नारळ’ हे पान उघडलं आणि ‘काजू’ नाही! दोन दिवस कॅश साफ करण्यात गेले.

कारण असं: नियमात टक्क्यापुढे आकडा आला की अपाचे त्याला रीराइटकंडने (नियमाआधीच्या अटीने) पकडलेला तुकडा समजतो. ‘क’चा शेवटचा बाइट %९५. त्यातला %९ रिकामा निघतो, उरतो नुसता ५. सगळे स्वर, ‘क’ ते ‘ट’, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं यात मोडतात. ‘ठ’ ते ‘ह’, काना आणि पहिली वेलांटी वाचतात.

यादी फेकून द्या. मराठी फोल्डरनंतरचं सगळं कंसात पकडणारा आणि नव्या डोमेनपुढे $१ (तो पकडलेला भाग) ठेवणारा एकच नियम पुरतो; फ्लॅग फक्त आर=३०१ (कायमचं रीडायरेक्ट) आणि एल (इथेच थांब). इथे एनई नको. अपाचे पत्ता उलगडूनच, म्हणजे टक्क्यांची पुन्हा अक्षरं करूनच, जुळवतो, त्यामुळे $१मध्ये सरळ देवनागरी येते आणि बाहेर जाताना एकदाच एन्कोड होते. मात्र स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) दोन्हीकडे तेच हवेत, या निमित्ताने ते ‘सुधारू’ नका. कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचे हेडर मागवून लोकेशनची ओळ बघा. तिथे %२५ दिसला तर अजून दुहेरी एन्कोडिंग होतंय.

गूगलच्या सर्च कन्सोलमधलं पत्ताबदलाचं साधन फोल्डरसाठी चालत नाही, पूर्ण डोमेन हलवलं तरच चालतं. नवा साइटमॅप द्या आणि रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारा टॅग) दोन्ही बाजूंनी लागतो. मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतं पण इंग्रजी मराठीकडे नाही, तर गूगल ती जोडी धरत नाही.

आणि हो, फाँट. सीएसएसमध्ये (साइटच्या रूपाच्या फाइलमध्ये) फाँटसाठी जुन्या डोमेनचा पत्ता राहिला आणि तिथला सर्व्हर परवानगीचा हेडर देत नसेल, तर ब्राउझर ती फाँटची फाइल अडवतो आणि मराठी मजकूर मोबाइलच्या मूळ फाँटमध्ये दिसतो. फाइल नव्या डोमेनवरच ठेवा.