ताईच्या नावावर

गुरुवार, रात्री दोन

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतलं की त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन झालं. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कर्करोग. औषधांनी दबतो, वर्षानुवर्षं दबलेला राहू शकतो, पण बहुतेकदा पुन्हा डोकं वर काढतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

भेटायला येणारे म्हणतात, "पैसा काय, आज आहे उद्या नाही." मला ते पटत नाही. पैशाची किंमत मला आत्ताच नीट कळतेय. इंजेक्शनच्या दिवशी शेजारी यवतमाळकडचे एक काका असतात. त्यांचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. पण सोबत आलेल्या मुलाची मजुरी बुडते, ऐन कापूसवेचणीत घरी माणूस नाही, ते कुठल्या योजनेत बसवायचं? बैलजोडी विकली त्यांनी. डॉक्टर नवी तपासणी सांगतात तेव्हा काका आधी मुलाकडे बघतात. मला कुणाकडे बघावं लागत नाही. आयुष्यभर कमावलं त्यातलं हे सर्वांत मोलाचं.

मग त्याच्या पलीकडचं कशाला? पनवेलला बुक केलेला दुसरा फ्लॅट रद्द करायला सांगितला. ताबा मिळायलाच अजून चार वर्षं. ही थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं झालं." उपचारांचे आणि हिच्या पुढच्या खर्चाचे पैसे बाजूला काढले. उरतं ते कुणाचं?

बाबा गेल्यावर ताईने राजापूरच्या घर-बागेवरचं हक्कसोडपत्र करून दिलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, ताईनेही केली. त्या बागेतली निम्मी कलमं तिने आईबरोबर कळशीने पाणी घालून जगवलेली.

मृत्युपत्रात तिचं नाव घालता येईल. दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्तीही नाही. पण ते मी गेल्यावर तिच्या हाती पडणार. मला तिला त्या बागेची मालकीण झालेली बघायचंय. म्हणून अर्ध्या हिश्शाचं बक्षीसपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. ताई रागावेल. दाजी "याची काय गरज" म्हणतील. म्हणू देत. आंबा उतरायच्या आत सह्या व्हायला हव्यात, म्हणजे यंदाच्या पेट्यांचे पैसे तिच्या खात्यावर जातील.