विमशर्स्ट मशीन आणि लोकलची तार

आमची शाळा रेल्वे लाइनला लागूनच आहे, लोकल धडधडत गेली की शिकवणं थांबवायचं ही सवयच झालीय. जानेवारीत हवा जरा कोरडी असते म्हणून त्या दिवशी नववीला विमशर्स्ट मशीन काढलं, दोन चकत्या उलटसुलट फिरवून स्थिर विजेच्या ठिणग्या पाडणारं. जुलैत काढायचं नाही, दमट हवेत चकत्यांवरचा चार्ज टिकतच नाही, हँडल फिरवून हात तेवढे दुखतात.

पडदे ओढले. आधी लायडन जार (चार्ज साठवणाऱ्या बरण्या) न जोडता फिरवलं, तर बारीक जांभळट ठिणग्या, पोरं म्हणे "एवढंच?" मग जार जोडले आणि चटाक्! पांढरी जाड ठिणगी, पुढच्या बाकावरचे दोघंतिघं थेट मागच्यांच्या मांडीत, आणि ओझोनचा तो वास वर्गभर. मग फळ्यावर लिहिलं, कोरडी हवा, गुळगुळीत गोळे, 1 सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण 30 हजार व्होल्ट.

मागून एक मुलगी उठली. "सर, लोकलच्या तारेत 25 हजार आहेत ना, मग ठिणगी 1 सेंटिमीटरपण उडणार नाही, तरी 2 मीटर लांब राहा का म्हणतात?"

हिशोब बरोबर होता हो! (मुंबईत आधी 1500 व्होल्ट डीसी होतं, 2016 पर्यंत सगळं 25 हजार एसी झालं, हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.) मी म्हटलं, एसीत व्होल्टेज सतत वरखाली होतं, 25 हजार हा सरासरीसारखा आकडा, शिखर 35 हजारांवर जातं, तार हलते, वर केलेला हात काही गुळगुळीत गोळा नसतो, पण खरी गंमत ठिणगी पडल्यानंतर आहे. इथे जारमधला चार्ज एका फटक्यात संपतो, तिथे मागे अख्खं सबस्टेशन उभं असतं. हवा एकदा तापून वाहक झाली की आर्क, म्हणजे हवेतून वाहत राहणारी वीज, ताणला तरी तुटत नाही, ब्रेकर ट्रिप होऊन पुरवठा बंद होईपर्यंत.

तेवढ्यात एक पोरगा, ज्याच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हणाला, "सर, पप्पा वेल्डिंगचा रॉड आधी टेकवतात मग उचलतात, तसंच ना?" अगदी तसंच, आणि तिथे आर्क 20-30 व्होल्टवर चालू राहतो! हे उदाहरण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग मालगाडीच्या टँकरवर चढून रील काढणाऱ्यांचा विषय निघाला, तारेला हात न लावताही माणूस भाजतो कसा ते आता सांगावंच लागलं नाही, पोरंच एकमेकांना सांगत होती. बेल होऊन गेली होती. गणिताचे सर दारात, मला वाटलं तास मागायला आले, तर म्हणतात, "जरा एकदा फिरवा की."