आधी परतीची गाडी

आमच्या घरी सासूबाईंसाठी दिवसभर थांबणाऱ्या मावशी सकाळी सहाला येतात आणि संध्याकाळी सातला निघतात. सासूबाईंना एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांपासून मुक्कामाच्या सहली आम्ही सोडूनच दिल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात कळव्याच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, मुक्काम राहू दे, पण आगगाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे काही ठरवू या ना." १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या ठाण्यात राहणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये, असे मला वाटले.

पहिली चूक अशी झाली की, मी ठिकाणांची यादी केली. पुणे, नाशिक, माथेरान, वसईचा किल्ला, कान्हेरी अशी अकरा नावे वहीत लिहिली आणि मग वेळापत्रक उघडले. उघडताच लक्षात आले की, ज्या गाड्यांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो, त्या आपल्यासाठी उलट्या धावतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी पुणेकरांना मुंबईत आणते आणि संध्याकाळी त्यांना घरी नेते. नाशिककरांसाठी पंचवटी हेच करते. ठाण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला या दोन्हींचा उपयोग नाही. नाशिकला सकाळी पोहोचवणारी गाडी आहे, पण तिथून संध्याकाळी निघालो तर ठाण्यात रात्र होते, म्हणून नाशिक खोडले. पुण्यालाही दुपारी तीनच्या आसपास परतीच्या गाडीत बसावे लागले असते, आणि तेवढ्यात शनिवारवाडा बाहेरून पाहून होईल, एवढेच.

माथेरान खोडताना वाईट वाटले. नेरळहून १९०७ पासून धावणारी ती छोटी गाडी सुमारे वीस किलोमीटर चढायला अडीच तासांहून अधिक वेळ घेते, आणि तिचा आनंद त्या संथपणातच आहे. घड्याळाकडे पाहत तिच्यात बसणे मला पटेना. कान्हेरीचा प्रकार तर मजेशीर आहे. येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असलेली ही लेणी पाहायला ठाणेकराने आधी दादरला जायचे, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी धरायची आणि बोरिवलीला उतरायचे. वसईलाही तोच वळसा पडतो, कारण दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत.

मग मी वही उलटी केली. डाव्या बाजूला ठाण्यात सातच्या आत पोहोचणाऱ्या गाड्या लिहिल्या आणि त्यांच्यासमोर, त्या जिथून येतात तिथे पाहण्यासारखे काय आहे ते.

तालीम म्हणून पहिली सहल अंबरनाथची केली. तिथले शिवमंदिर १०६० सालचे, शिलाहार राजांच्या काळातले आहे, आणि शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणेच. त्यामुळे परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटले नाही. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो आणि वर पाहिले, तर शिखर बांधलेलेच नाही, थेट आकाश दिसते. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती पाहण्यात दीड तास कसा गेला ते कळले नाही. गडबड परतताना झाली. तो रविवार होता, त्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी, होता, आणि शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून आलेले वेळापत्रक मी वाचलेच नव्हते. अर्ध्या तासाच्या प्रवासाला दीड तास लागला. आम्ही दुपारीच निघालो होतो म्हणून मावशींची वेळ चुकली नाही, पण तेव्हापासून सहल शनिवारीच करायची, असे ठरवले.

दुसरी सहल भाजे लेण्यांची, आणि तिच्यावर मी खरी मेहनत घेतली. पुण्याहून दुपारी निघणारी डेक्कन एक्स्प्रेस लोणावळा घेत संध्याकाळी ठाण्याला थांबते. आधी तिचे आरक्षण केले आणि ते पक्के झाल्यावरच सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या इंद्रायणी एक्स्प्रेसचे तिकीट काढले. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, तेव्हा शनिवारची जागा हवी असल्यास रेंगाळू नये. कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडतात, कारण पुढच्या घाटात काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. तेवढ्या वेळात नणंदबाईंनी खिडकीतून वडे घेतले.

लोणावळ्याहून लोकलने पुढचेच स्थानक मळवली, आणि तिथून चालत अर्ध्या-पाऊण तासात लेणी. सकाळी गर्दी नव्हती. चैत्यगृहातले, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातले, खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी बांधकामात ते भार पेलण्यासाठी तिरके रोवत आणि दगडात कोरणाऱ्यांनीही तीच पद्धत ठेवली, असे वाचले होते. पण समोर उभे राहिल्यावरच ते डोळ्यांना पटते. बाजूच्या चौदा स्तूपांपाशी आम्ही बराच वेळ बसलो. समोरच्या कार्ला लेण्यांचा मोह मात्र आवरला, कारण दुपारी पुणे-लोणावळा लोकलमध्ये मोठा खंड पडतो, हे मला ठाऊक होते. रिक्षाने लोणावळा गाठले, निवांत जेवलो आणि पावणेसातला घरी पोहोचलो. मावशी चप्पल घालून दारातच उभ्या होत्या.

आता उरणचा बेत आहे. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाऊन गाडी बदलली की पोहोचता येते. येताना उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरावे आणि तिथून ठाणे गाठावे, असा नणंदबाईंचा हट्ट आहे. परंतु लाँचचे गणित भरती-ओहोटीवर असते. म्हणून वहीत उरणसमोर परतीच्या तीन लोकलच्या वेळा शाईने लिहिल्या आहेत आणि लाँचची पेन्सिलीने.