प्रार्थना नेमकी कोणाले करता?

एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही बसले तरी कोणीतरी हळूच विषय काढतंच. "मॅडम, तुमच्यात देव एकच म्हणता. मंग पिता, पुत्र न् पवित्र आत्मा हे तीन झाले नं? अन् प्रार्थना नेमकी कोणाले करता?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मला माहीत आहे. पंगतीत दोन मिनिटांत उत्तर देऊन मी मोकळी होते, पण ते उत्तर मला कधीच पुरेसं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. गावात ख्रिस्ती घरं दोनच. वडील परतवाड्याजवळ कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात मलमपट्टीचं काम करायचे, आई हंगामात कापूस वेचायला जायची. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना भोंग्यावर सुरू व्हायची, त्याच सुमाराला आमच्या घरातही दिवा लावून चटईवर प्रार्थना व्हायची. त्यामुळे प्रार्थना म्हणजे काय, हे आम्हाला गावाला कधी सांगावं लागलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ते आधीच शिकवून ठेवलं होतं. प्रश्न यायचा तो एवढाच, की कोणाची?

आधी सरळ उत्तर देते. देव एकच. तीन देव मानणारा माणूस ख्रिस्ती नव्हे.

येशू स्वतः यहुदी होता. ‘हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे’ हे वचन भाविक यहुदी आजही रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात. सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्यानं विचारलं तेव्हा येशूनं हेच वचन सांगितलं. त्याचे पहिले शिष्यही याच वचनावर वाढलेले. माणसापुढे देव म्हणून वाकणं त्यांच्या लेखी महापाप होतं.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग आहे, तो पोळ्याच्या दिवशी मला हमखास आठवतो. आजच्या तुर्कस्तानात लुस्त्र नावाचं गाव होतं. पौल आणि बर्णबा हे येशूचा संदेश सांगत तिथे गेले होते. पौलाच्या शब्दानं जन्मापासूनचा एक पांगळा उठून चालू लागला. लोकांना वाटलं, देवच माणसाचं रूप घेऊन आले. त्यांनी बर्णबाला झ्यूस म्हटलं, पौलाला हर्मीस म्हटलं, हे दोघे त्यांचे ग्रीक देव, आणि झ्यूसच्या देवळाचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीशी आला. हे कळल्यावर त्या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले, गर्दीत धावत गेले आणि ओरडले, की अरे, आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत!

आता याच्या शेजारी थोमाची गोष्ट ठेवून बघा. येशू मेलेल्यांतून उठला यावर त्याचा शिष्य थोमा याचा विश्वास बसत नव्हता. आठवड्यानं येशू समोर आला, आपल्या जखमा दाखवल्या, आणि थोमाच्या तोंडून निघालं, ‘माझा प्रभू व माझा देव!’ पौलानं लोकांना अडवलं होतं, तसं येशूनं थोमाला अडवलं नाही. ‘मी नुसता माणूस आहे’ असं तो म्हणाला नाही.

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र, आत्मा तिघे तरी देव एक याचा, सगळा प्रश्न इथून सुरू झाला. एकाच देवापुढे वाकणारी ही माणसं येशूपुढे वाकली, तरी देव एकच आहे हे त्यांनी सोडलं नाही. शिवाय तोच येशू रात्र-रात्र डोंगरावर जाऊन पित्याशी बोलायचा. म्हणजे पिता आणि पुत्र एकमेकांशी बोलतात, प्रेम करतात, आणि तरी देव दोन होत नाहीत. हे शब्दांत कसं मांडायचं यावर पुढे तीनशे वर्षं वाद चालला. आलेक्झांद्रियाचा अरियस नावाचा धर्मगुरू म्हणायचा, पुत्र मोठा खरा, पण देवानं निर्माण केलेला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेनं ते नाकारलं आणि पुत्र हा घडवलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं ठरवलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याविषयीचा भाग स्पष्ट झाला. रविवारी आम्ही उभं राहून जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यात हे सगळं आलं आहे.

एक सहशिक्षक मला म्हणाले होते, "म्हंजे आमच्या दत्तासारखंच की, मॅडम." माझं आणि त्यांचं जुळावं म्हणून ते म्हणाले, आणि ते मला गोडच वाटलं. पण तसं नाही. निर्माण करणारा एक, सांभाळणारा दुसरा, अशी कामाची वाटणी आमच्याकडे नाही. बेलाच्या पानाचा दाखलाही चालत नाही, कारण तीन दळांतलं एक दळ म्हणजे पूर्ण पान नव्हे, आणि पुत्र तर पूर्ण देव आहे. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला संडे स्कूलमध्ये मीही शिकवला आणि पुढे सोडून दिला. पाणी एका वेळी एकच काहीतरी असतं. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर आला तेव्हा पाण्यात पुत्र होता, आकाशातून पित्याची वाणी झाली आणि आत्मा कबुतरासारखा उतरला. तिघे एकाच वेळी. म्हणून मी दाखले देतच नाही. हे माझ्या बुद्धीत मावत नाही, आणि माझ्या बुद्धीत मावेल एवढाच देव मला नकोही आहे.

प्रार्थना कोणाला? पित्याला, पुत्राच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या साहाय्यानं. येशूलाही थेट हाक मारतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी तर ख्रिस्ताला आई म्हणून, गुरू म्हणून आळवलं. त्यांची पदं आम्ही चर्चमधल्या भक्तीला पेटी-तबल्यावर म्हणतो तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला भजनच चाललंय असं वाटतं, आणि ते भजनच असतं. येशूची आई मरिया, तिच्याविषयीही विचारतात. आमच्या मंडळीत तिच्याकडे प्रार्थना करत नाहीत. कॅथलिक भावंडं तिला ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात, पण आराधना तीही एका देवाचीच करतात.

इथपर्यंतचं उत्तर आमच्या चर्चचे पाळकसाहेबही देतील. माझं उत्तर आईकडून आलेलं आहे.

येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आमच्या घरात रोज व्हायची. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी ती सुरू होते. त्यात ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ अशी एक ओळ आहे. लहानपणी मला वाटायचं ही प्रार्थना आमच्याकडेच कोणीतरी रचली असावी. चुलीवर ज्वारीची भाकर, आणि देवाकडे मागायची तीही भाकरच!

१९८७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप चढला. नऊ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी तो कोणाला ओळखेना. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. शेजारच्या काकू भर पावसात गावदेवीच्या देवळात जाऊन अंगारा घेऊन आल्या. पदराखाली कागदाची पुडी होती, तरी ओली झाली होती. "लावून पाह्य माय, काय जाते तुहं?" आईनं ती पुडी दोन्ही हातांनी घेतली, काकूंना मिठी मारली आणि दोघी रडल्या. पण अंगारा तिनं लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊ गेला.

गावात कुजबुज झाली, लावला असता तर. काकू मात्र तसं कधीच बोलल्या नाहीत.

तेराव्या-चौदाव्याचे विधी आमच्याकडे नसतात. दफन झालं, आणि दुसऱ्या संध्याकाळी वडिलांनी नेहमीसारखी चटई टाकली. ‘तुझे राज्य येवो’ इथपर्यंत आईचा आवाज आमच्यात होता. पुढची ओळ ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. तिथे ती थांबली. आम्ही म्हणत गेलो. ‘आमची रोजची भाकर’ आलं तेव्हा ती पुन्हा आमच्यात आली. दुसऱ्या दिवशी तेच. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली, नाताळला तिनं नवं लुगडं नेसलं नाही. रोज संध्याकाळी त्या एका ओळीएवढा आमच्या प्रार्थनेत खड्डा पडायचा. वडिलांनी तिला एकदाही टोकलं नाही. ते फक्त ती ओळ जरा सावकाश म्हणायला लागले होते.

संक्रांतीच्या आगेमागे ती वेचणीवरून उशिरा आली. कमरेची ओटी सोडायची राहिली होती, केसांत कापसाचे तंतू होते. तशीच चटईवर बसली, आणि त्या ओळीला तिचा आवाज आला. अर्धाच. ‘होवो’ हा शब्द ओठांतच राहिला.

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा अंगारा का लावला नाहीस? वाटलं, ती दहा आज्ञांतली पहिली आज्ञा म्हणून दाखवेल. ती म्हणाली, "मी त्याच्याशीच बोलून राह्यली होती. मधातच उठून दुसऱ्याच्या दारात कशी जाऊ? अन् लेकरू गेल्यावर मी देवाशी भांडली, महिने-महिने बोलली नाही, पण चटईवरून उठली नाही नं?"

एकाच देवाची उपासना म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. ‘माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत’ ही आज्ञा शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवण्यासाठी दिलेली नाही, ती मला दिलेली आहे. भीती वाटली की मी कोणाच्या दारात जाते, याचा ती हिशोब मागते. सुखात एकच देव म्हणणं सोपं असतं, मूल तापानं फणफणत असताना ते अवघड होतं. आणि आमच्या प्रार्थनेत नवस बसत नाही. तू हे दे, मी ते देईन, असा सौदा त्याच्याशी करता येत नाही, कारण त्याला देण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते त्याचंच आहे. मागता येतं, रडता येतं. भांडताही येतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ म्हणून टाहो फोडणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. बायबलमधल्या ईयोबानं, सगळं गमावलेल्या त्या माणसानं, तर देवाला जाब विचारला, आणि शेवटी देव म्हणाला की माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोबच.

मग सगळे देव शेवटी एकच, असं तुम्ही का म्हणत नाही, हेही विचारता. तसं म्हटलं तर पंगतीत सोपं जाईल, पण ते खोटं होईल. मी तसं मानत नाही, आणि ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. तुम्हीही तुमच्या श्रद्धेबद्दल माझ्याशी खरंच बोलता. भंडाऱ्याला मी सकाळपासून पोळ्या लाटते, पंगतीत वाढते. आरतीला हात जोडत नाही, बाजूला गप्प उभी राहते. प्रसादाबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं होतं, की अन्नामुळे कोणी देवाजवळ जात नाही, पण तुझ्या खाण्यानं दुबळ्या भावाचं मन अडखळत असेल तर खाऊ नको. वडील घेत नसत. घेणाऱ्यांना नावंही ठेवत नसत.

त्यांना नामानाची गोष्ट फार आवडायची, कदाचित त्यांच्या कामामुळे. नामान अराम देशाचा सेनापती, कोडी म्हणजे कुष्ठरोगी. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देनेत सात बुड्या मारून तो शुद्ध झाला. त्यानं ठरवलं, यापुढे परमेश्वराशिवाय कोणाला यज्ञ करणार नाही. मग त्याला एक अडचण आठवली. माझा राजा रिम्मोन या त्याच्या देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. अलीशानं त्याला नियम सांगितले नाहीत. ‘शांतीने जा’ एवढंच म्हणाला. वडील इथे पुस्तक मिटायचे आणि जरा वेळ काही बोलायचे नाहीत.

काकू अजून आहेत, ऐंशीच्या पुढे. दर वर्षी महालक्ष्म्यांना त्यांच्याकडून आमच्या घरी पुरणपोळी आणि आंबील येते. नैवेद्याच्या पातेल्यातली नसते. आमच्यासाठी त्या पुरण वेगळ्या भांड्यात काढून ठेवतात. आम्ही कधी तसं मागितलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेले तर म्हणाल्या, "तुह्या मायसारखी प्रार्थना म्हन माह्यासाठी." मी बाजेशेजारी बसले, डोळे मिटले आणि सुरू केलं, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या...’

"थांब," काकू म्हणाल्या. "आमच्या म्हंजे तुमच्याच नं? आपल्या कायले नाही म्हनत?"

इतकी वर्षं रोज म्हणूनही हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "काकू, हे आपण त्याच्याशी बोलतो नं, म्हणून आमच्या. तुमच्याशी बोलताना मी आपलाच म्हणते."

त्यांनी थोडा विचार केला. मग सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला. "मंग मलेबी धर त्या आमच्यात. पहिल्यापासून म्हन."

मी पहिल्यापासून म्हटली.